पिकअपवरचा कॅम्पर बांधायला टाय-डाउन कुठले घ्यावेत?

डेन्व्हरवाला
नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात एक जुना ट्रक कॅम्पर (पिकअपच्या मागच्या हौद्यात ठेवायची राहण्याची खोली) घेतला, कोरडं म्हणजे पाणी-सामान न भरता वजन 2,150 पाउंड, आणि माझी गाडी 2019 ची फोर्ड एफ-250 पिकअप, लाँग बेड म्हणजे लांब हौद्याची. विकणाऱ्याने सोबत चार रॅचेट पट्टे आणि बेडच्या कडेला आवळायचे चार क्लॅम्प दिले, म्हणाला मी पाच वर्षं असाच फिरलो. पण घरी आणताना हायवेवर वळणावर कॅम्पर डुलतोय असं आरशात दिसत होतं आणि घरी येऊन बघितलं तर एक पट्टा चक्क सैल. जूनमध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन मोआबला जायचंय, तिथून पुढे वायोमिंग. फ्रेमला म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला लागणारे टाय-डाउन (कॅम्पर गाडीला बांधून ठेवायचे आधार) महाग आहेत म्हणून विचारतोय, खरंच गरज आहे का, की चांगले पट्टे घेतले तर भागेल?

बोल्टनट
दादा पट्टे नकोच. पट्टा ताणला जातो, ओला झाला की अजून सैल होतो, उन्हात धागे कुजतात, आणि चालत्या गाडीत तुम्हाला ते कळतही नाही. सामान बांधायला ठीक आहेत, पण कॅम्पर उंच असतो, वजन वर असतं, तो प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यात बाजूला झुकायला बघतो आणि तो हिसका त्या चार जागांवर येतो.

क्लॅम्पचं तर तुमच्या गाडीला अजिबातच नको. 2017 पासून सुपर ड्यूटीची (तुमची एफ-250 त्यातलीच) बॉडी आणि बेड अॅल्युमिनियमचे आहेत, फ्रेम तेवढी स्टीलची. बेडच्या कडेचा पत्रा एवढा ताण घ्यायला बनवलेलाच नाही, वाकतो नाहीतर चिरतो. ताण फ्रेमवर गेला पाहिजे. टॉर्कलिफ्ट किंवा हॅपीजॅकचे फ्रेम माउंट बघा, तुमच्या वर्षाच्या आणि बेडच्या मापाचे मिळतात का ते आधी तपासा, आणि हिच (मागे ट्रेलर जोडायचा आकडा) बदलली असेल तर मागचे बसतात का हेही विचारून घ्या.

मायनस२०
वरच्याशी सहमत. मी एक भर घालतो, टर्नबकल (कॅम्परची कडी आणि टाय-डाउन यांच्या मधला फिरवून आवळायचा दांडा) स्प्रिंगवाले घ्या. फ्रेम पिळवटते आणि कॅम्पर कडक असतो, दोन्हींच्या मध्ये थोडी लवचिकता हवी, नाहीतर कॅम्परच्या पंखाखालच्या (बेडच्या कडेबाहेर येणाऱ्या भागाखालच्या) कड्या उपटून येतात. जुना कॅम्पर आहे ना, मग टाय-डाउनवर खर्च करण्याआधी त्या कड्यांभोवती अंगठ्याने दाबून बघा. आत लाकडाची फ्रेम असते, पाणी मुरून कुजली असेल तर तुम्ही सोन्याचे टाय-डाउन लावा काही उपयोग नाही. माझ्या पहिल्या कॅम्परची पुढची उजवी कडी अशीच हातात आली, बरं झालं गाडी उभी होती.

आणि पुढचे टर्नबकल थोडे पुढच्या बाजूला, मागचे मागच्या बाजूला तिरके ओढले जातील असे लावा, सगळे सरळ खाली ओढले तर ब्रेक मारल्यावर पुढे-मागे धरायला काहीच राहत नाही. बेडमध्ये प्लॅस्टिकचा लायनर असेल तर काढा, त्यावर कॅम्पर साबणासारखा घसरतो. जाड रबरी मॅट टाका. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

मराठी_मावशी_बॉइसी
बाळा तू दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचलंस का? त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं.

डेन्व्हरवाला
मावशी आता खाली जाऊन बघितलं, 3,012 पाउंड आहे.

मराठी_मावशी_बॉइसी
मग हिशोब कर. कॅम्पर 2,150, पाण्याची टाकी 30 गॅलन असेल तर भरल्यावर 250, गॅस, बॅटरी, भांडी, कपडे, शिधा हे सगळं धर 300, आणि तुम्ही चौघं 420. झाले 3,120, म्हणजे जास्तच, आणि टाय-डाउनचं लोखंड अजून धरलेलं नाही. पाणी तिथे पोचल्यावर भर, रस्त्यात पिण्यापुरतं ठेव. शिवाय कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या अॅक्सलच्या पुढे आली पाहिजे, नाहीतर पुढची चाकं हलकी होतात.

वायोमिंगला लॅरमी ते रॉलिन्स आय-80 हायवेवर वारा भयंकर असतो, तिथे हलक्या आणि उंच गाड्यांना कधी कधी बंदी असते. आम्ही दोघं रस्त्याची माहिती बघूनच निघतो, तासभर थांबावं लागलं तरी थांबतो.

डेन्व्हरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. आज अंगठा दाबून बघितला, मागची डावी जागा मऊ लागतेय 😟 त्यामुळे आधी ती उघडून लाकूड बदलणार, मग फ्रेम माउंट आणि स्प्रिंगवाले टर्नबकल. मॅट ऑर्डर केली. पहिल्या 20 मैलांनंतर परत आवळायचे का?

बोल्टनट
हो, आणि मग दर वेळी पेट्रोलला थांबलात की. कॅम्पर उतरवताना जॅक (कॅम्पर उचलून धरणारे पाय) लावण्याआधी चारही टर्नबकल सुटलेत का ते हात लावून बघा. मी एक विसरलो होतो, जॅक कॅम्परसोबत गाडीचा मागचा भागही उचलायला लागला, जॅकचा पाय वाकला.