मदत हवी आहे: 'सुडू' लावल्यावर 'आरएम'चे एलियस लागू होत नाही

नमस्कार.

आमच्या कार्यालयातील उबुंटू सर्व्हरची देखभाल मी आणि दोन सहकारी करतो. चुकून फाइल पुसली जाऊ नये म्हणून मी माझ्या बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश या शेलची, म्हणजे कमांड स्वीकारून चालवणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग्जची फाइल) 'आरएम' या फाइल पुसणाऱ्या कमांडचे एलियस (कमांडऐवजी शेलने वापरायचा पर्यायी मजकूर) 'आरएम -आय' असे करून ठेवले आहे. त्यामुळे प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी विचारणा होते. गेल्या आठवड्यात जुने लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली) काढताना मी 'सुडू आरएम' दिले ('सुडू' म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी कमांड), सवयीने विचारणेची वाट पाहिली, आणि एकही प्रश्न न येता थेट प्रॉम्प्ट परत आला. पुसल्या गेलेल्यांत चालू महिन्याचे दोन लॉग होते, आणि त्यांचा बॅकअप नव्हता.

शोध घेतल्यावर कारण उलगडले. बॅश एलियस पाहते ते कमांडच्या पहिल्या शब्दापुरते. इथे पहिला शब्द 'सुडू' असतो, आणि तो स्वतंत्र प्रोग्राम असल्यामुळे माझ्या शेलमधील एलियस त्याला ठाऊकच नसतात. 'सुडू एलएल' दिले ('एलएल' हे फाइलींची यादी दाखवणारे एलियस), तर त्या नावाचा प्रोग्राम नसल्याने कमांड सापडली नाही असा संदेश तरी येतो. 'आरएम' मात्र खराच प्रोग्राम असल्याने संरक्षणाविना मुकाट्याने चालतो, आणि मला हेच अधिक धोक्याचे वाटते.

एलियसच्या मजकुराच्या शेवटी स्पेस असल्यास पुढचा शब्दही एलियससाठी तपासला जातो, असे बॅशच्या मॅन्युअलमध्ये आहे. म्हणून मी 'सुडू'चेच एलियस 'सुडू' असे केले, फक्त शेवटच्या अवतरणचिन्हाआधी एक स्पेस सोडली. एका रिकाम्या फाइलवर चाचणी घेतली, विचारणा झाली. परंतु दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावे कमांड चालवण्यासाठी 'सुडू -यू' लिहिले, की पुढचा शब्द '-यू' ठरतो आणि 'आरएम' पुन्हा उघडे पडते.

यूएसआर/लोकल/बिन या फोल्डरमध्ये 'आरएम' नावाचीच स्क्रिप्ट ठेवण्याचा विचार मी सोडून दिला, कारण 'सुडू'च्या शोधमार्गात ते फोल्डर आधी येते, आणि मग रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालणाऱ्या इतर स्क्रिप्टही विचारणेपाशी अडतील.

आता दोन मार्ग दिसतात: बॅशआरसीमध्ये 'सुडू' नावाचे फंक्शन लिहून त्यात '-यू'सारखे पर्याय ओळखणे, किंवा निराळ्या नावाची स्क्रिप्ट करून तिघांनीही पुसण्यासाठी तीच वापरणे. अनेकांच्या हाताखालील सर्व्हरवर आपण यांपैकी काय वापरता, आणि फंक्शनच्या मार्गात कोणते पर्याय हमखास निसटतात, हे कृपया सांगावे.