स्टार्ट, बिगिन की कमेन्स?

प्रश्न: इंग्रजी-मराठी शब्दकोशात या तिन्ही क्रियापदांपुढे ‘सुरू करणे’ असाच अर्थ दिलेला आढळतो. कामाच्या एका पत्रात मी ‘बिगिन द मशीन’ असे लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी ते खोडून ‘स्टार्ट’ केले. कारण मात्र सांगितले नाही. अर्थ एकच असेल, तर निवड कशावरून करावी?

उत्तर १: अर्थ एकच आहे, हे गृहीतकच आधी तपासावे. बंद असलेले इंजिन चालू करायचे असेल, तर स्टार्टला पर्याय नाही. भाषण, धडा किंवा चर्चा यांसारख्या पुढे सरकत जाणाऱ्या गोष्टींना स्टार्ट आणि बिगिन दोन्ही चालतात. बिगिन किंचित औपचारिक वाटतो, एवढेच. ‘वी मस्ट स्टार्ट अर्ली’ याचा अर्थ ‘लवकर निघायला हवे’ असाही होतो. बिगिन घातल्यास निघण्याची ही छटा हरवते. कमेन्स करारनाम्यात आणि न्यायालयीन कामकाजात शोभतो. मित्राला तो लिहिणे म्हणजे घरच्यांना ‘मी आता अध्ययनास प्रारंभ करतो’ असे सांगण्यासारखे आहे.

उत्तर २: यामागे इतिहास आहे. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायदानात फ्रेंचचे वर्चस्व राहिले. कमेन्स त्या वाटेने आला, तर बिगिन आणि स्टार्ट मूळचेच. स्टार्टचा जुना अर्थ ‘उसळणे, उडी मारणे’ असा होता, म्हणूनच आजही हे क्रियापद ‘दचकणे’ या अर्थाने येते. यंत्राला धक्का देऊन जागे करण्याशी तो अर्थ किती जुळतो, पाहा.

उत्तर ३: वरील इतिहास बरोबर आहे, पण त्यावरून नियम बांधू नये. ‘फेस’ आणि ‘पीपल’ हे शब्दही फ्रेंचमधूनच आले आणि आज ते अगदी रोजच्या वापरातले आहेत. उलट ‘फोक’ मूळचा असूनही त्याचा वापर मर्यादित आहे. त्यामुळे समानार्थी शब्दांच्या यादीवर विसंबण्यापेक्षा वाक्ये देणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडावा आणि शब्द कोणत्या नामांसोबत येतो, ते पाहावे. सुमारे 10 कोटी शब्दांचा ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा संग्रह, याच कामासाठी उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्याच पत्रात मी ‘कमेन्स टू वर्क’ असेही लिहिले होते. तेही खटकते का?

उत्तर १: होय. कमेन्सनंतर ‘टू’ सहसा येत नाही. ‘कमेन्स वर्क’ लिहावे.