दार फोडले जाते, की आतून उघडले जाते?

धागालेखक (धंतोली, नागपूर): रविवारी तर्री-पोहे खाताना एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ठासून सांगितले की, लोकांनाच हुकूमशहा हवा असतो. मला हे पटत नाही. जर्मनीत नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाची मते जुलैतील ३७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर घसरली होती. तरीही ‘याला आपण मुठीत ठेवू’ अशा भ्रमातील माजी चॅन्सेलर पापेनप्रभृती मुत्सद्द्यांच्या आग्रहावरून राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, नेमले. फेब्रुवारीअखेर संसद भवनाला आग लागली, दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित झाले, आणि २३ मार्चला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाच्या हवाली केला. यात जनतेला कोणी विचारले?

प्रतिसाद (महाल): आपण जनतेला फार स्वस्तात सोडता. घसरणीनंतरही तोच सर्वांत मोठा पक्ष होता. पेरूमध्ये एप्रिल १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी लष्कराच्या पाठबळावर संसद बरखास्त केली, तेव्हा महागाई आणि दहशतवादाने त्रासलेल्या बहुसंख्य लोकांनी त्याचे स्वागतच केले आणि १९९५ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिले. दूर कशाला, आणीबाणीनंतर १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचे पानिपत झाले, पण आपल्या नागपूरने काँग्रेसचाच खासदार निवडला. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला, तो पुढाऱ्यांपेक्षा आपल्यासाठीच होता.

धागालेखक: नागपूरचा दाखला बोचला, हे मान्य. तरीही आणीबाणीच्या उद्घोषणेवर २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, तो याच फटीमुळे.

प्रतिसाद (रामदासपेठ): न्यायालय दोघांच्याही नजरेतून सुटले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केला. विरोधी मत नोंदवणारे न्या. ह. रा. खन्ना यांना जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी डावलण्यात आले. सत्ता पक्की होते ती अशा नेमणुकांतून, सभांतून नव्हे.

धागालेखक: आणि त्यानंतर दोनच महिन्यांत ते सरकार घालवले ते मतदारांनी. महालच्या मित्रांनी याचाही हिशेब मांडावा.