राय पावाचा चिकट गर: मळणं कमी पडलं नाही, आंबट कमी पडलं

एकाने विचारलंय की शंभर टक्के राय (गव्हासारखं एक धान्य) पिठाचा पाव वीस मिनिटं मळूनही आतून चिकट का राहतो, आणि उत्तर आलंय 'अजून मळा'. कृपया तसं करू नका. रायच्या पिठात गव्हासारखी ग्लुटेनची (लवचीक प्रथिनाची) जाळी बनत नाही. पाणी धरतात ते पेन्टोसान, म्हणजे रायमधले चिकट तंतू. नुसतं लाकडी चमच्याने कालवलं तरी पुरतं.

खरं कारण अमायलेज, म्हणजे पिठातला स्टार्च तोडणारं एन्झाइम. रायचा स्टार्च साधारण ५५ ते ७० अंशांतच फुलतो आणि तेव्हा हे एन्झाइम अजून जोरात असतं. फुललेला स्टार्च ते तोडतं, पाणी सुटतं, खाली चिखलासारखा थर बसतो. कापणीच्या वेळी पाऊस लागून कणसातच मोड आलेलं धान्य असेल तर फारच. आम्लाने अमायलेज मंदावतं, म्हणून जर्मनी-पोलंडकडे रायला आंबट विरजणच (दह्याचं नव्हे, आंबवलेल्या पिठाचं) वापरतात. नुसत्या यीस्टने पाव फुगेल, पण गर, म्हणजे आतला भाग, सुधारणार नाही.

५०० ग्रॅम पिठापैकी २०० ग्रॅम पीठ, २०० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम विरजण २८ अंशांवर १२ ते १४ तास ठेवा. मग उरलेलं पीठ, २०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ. साच्यात भरा, वर टाचणीएवढी छिद्रं दिसू लागली की लगेच भट्टीत. २५० अंशांवर १५ मिनिटं, पुढे २०० वर ४५. आतलं तापमान ९७ आलंच पाहिजे. आणि २४ तास कापू नका, गरम पाव सुरीला चिकटणारच.