मदत हवी आहे: तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय, जर्मन तत्त्वज्ञ कांट कसा वाचू?

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय तत्त्वज्ञान. वर्गात मोजकीच मुलं, त्यामुळे सर एकेका प्रश्नाला अख्खा तास देतात. चार्वाकांचा (फक्त प्रत्यक्ष अनुभवच प्रमाण मानणाऱ्या प्राचीन भारतीय विचारवंतांचा) अनुमानावरचा आक्षेप शिकवताना त्यांनी आम्हाला मनसोक्त वाद घालू दिला. धूर दिसला म्हणून अग्नी असणारच, हे कशावरून? सगळीकडचा धूर कुणी पाहिलाय? मग नैयायिकांचा, म्हणजे न्याय दर्शनाच्या विचारवंतांचा, व्याप्तीचा (जिथे धूर तिथे अग्नी, अशा अटळ संबंधाचा) विचार आला आणि पुढे हेच शिकायचं, असं मी ठरवून टाकलं.

अडतंय ते कांटपाशी. कारणामागून कार्य येणारच हे कशावरून, हा स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा प्रश्न चार्वाकांमुळे लगेच कळला. पण 7 + 5 = 12 हे विधान अनुभवावर अवलंबून नाही, तरीही ते संश्लेषक आहे, म्हणजे मूळ कल्पनेत नसलेली नवी भर त्यात पडते, असं कांट म्हणतो. बारा ही कल्पना सात आणि पाचाच्या बेरजेत आधीपासून नसते का? कुणी मराठीत नीट उलगडून सांगेल का? वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश चाळला, पण मला याहून सविस्तर काहीतरी हवंय. इंग्रजी वाचते, फक्त वेग कमी आहे.

अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर (स्थापना 1916) मला जवळ आहे. तिथल्या ग्रंथालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसून वाचू देतात का?

शिवाय पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून एम.ए. केलेल्यांनी कृपया सांगा: पेपर मराठीत लिहिता येतात का, आणि नेटची (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची) तयारी पहिल्याच वर्षापासून करावी का? घरी नोकरीचं विचारतात, त्यांना खरी माहिती द्यायची आहे.