मदत हवी आहे: बांधावर फोनचं लोकेशन भरकटतं, बॅटरीही दुपारीच बसते

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. ठिबकच्या नळीचा हिशोब लावायला फोन घेऊन बांधाबांधानं चालतो आणि ॲपवर क्षेत्र मोजतो. सातबाऱ्यावर 80 आर. फोन एकदा 86 सांगतो, एकदा 74. मोकळ्या बांधावर ठीक चालतं, पण केळीच्या दाट पानांखाली शिरलो की निळा ठिपका थेट शेजाऱ्याच्या शेतात. (बांधावरून आधीच कमी भांडणं आहेत का!)

काय काय केलं ते सांगतो. लोकेशन अचूकतेचं सेटिंग चालू आहे, पण ते आजूबाजूचे वायफाय आणि टॉवर बघतं. आमच्या शिवारात वायफाय कुठून आणायचं? फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला, त्यानं बाणाची दिशा सुधारली, जागा नाही. बॅटरी सेव्हर लावला तर स्क्रीन बंद होताच मोजणी अर्धवट थांबते. काढला तर दुपारपर्यंत 15 टक्के. त्यात मे महिन्याचं ऊन, फोन तव्यासारखा तापतो.

बाकी ॲप्सना लोकेशन 'फक्त वापरताना' एवढंच ठेवलंय.

आता विचारायचं असं, की उपग्रहांच्या नेहमीच्या एल 1 सिग्नलसोबत एल 5 हा दुसरा सिग्नलही पकडणारा फोन घेतला तर पानांखाली खरंच फरक पडतो का? नाविकचा, म्हणजे जागा सांगणाऱ्या आपल्या भारतीय उपग्रहांचा, कुणाला अनुभव? आणि फक्त मोजणीच्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळता येतं का? कुणी केलं असेल तर नेमकं कुठं जाऊन, तेवढं सांगा भाऊ.