पँथर्स जिंकले तर आम्ही का नाचायचं नाही?

नेपियनकाठ:
6 ऑक्टोबर 2024, रविवारी, सिडनीच्या पश्चिम टोकाच्या आमच्या पेनरिथच्या टीमने, पँथर्सने, मेलबर्नला हरवून ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगची फायनल जिंकली. त्या रात्री आमच्या अंगणातला फोटो टाकला होता, पँथर्सचा झेंडा धरून उभी असलेली चौदा माणसं. त्यावर इथल्याच एकाने लगेच वेगळी पोस्ट टाकली: ‘भाडोत्री भक्त. ना कधी अंगाला माती लागली, ना नियम ठाऊक. दुसऱ्याच्या वरातीत नाचायची हौस. आणि खेळ तरी कुठला, रेड्यांची टक्कर.’ दोन दिवस गिळून बसलो होतो. आता लिहितोच.

मी 2011 ला पेनरिथला राहायला आलो, कारण तिथलंच भाडं परवडत होतं. आपली वस्ती, किराणा, देवळं सगळं हॅरिस पार्क-वेस्टमीडला. आम्ही पार ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी. ऑफिसात कुणी ‘कुठे राहतोस’ विचारलं आणि पेनरिथ म्हटलं की पुढचा प्रश्नच यायचा नाही. 4 जानेवारी 2020 ला आमच्याकडे पारा 48.9 वर गेला. एसी बंद पडलेला, धाकटी चार महिन्यांची. दुपारी तीनला शेजारची टोंगन आजी दारात उभी, हातात बर्फाची पिशवी आणि ओला टॉवेल. पोरीला उचलून सरळ तिच्या घरी घेऊन गेली, संध्याकाळपर्यंत पंख्यासमोर मांडीवर धरून बसली. त्या आजीचे दोन नातू इथे ज्युनियर लीग खेळतात. सहा टॅकलचं गणित (सहा वेळा अडवलं की बॉल दुसऱ्या टीमकडे) मी त्यांच्या अंगणात शिकलो. मग ही टीम माझी नाही हे ठरवणारे तुम्ही कोण?

आणि नुसतं एक वर्ष जिंकले नाहीत. 2020 ला मेलबर्नकडून 26-20 हरले आणि तिथून 2021, 22, 23, 24, सलग चार विजेतेपदं. सेंट जॉर्ज क्लबने 1956 ते 66 अशी सलग 11 काढली, त्यानंतर सलग चार कुणालाच जमले नव्हते. टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, म्हणजे पगारमर्यादा, असल्यामुळे जिंकलं की खेळाडू महाग होतात आणि दुसरे क्लब उचलून नेतात. बर्टन गेला, किकाऊ गेला, कोरोइसाऊ, क्रायटन, लेनियू गेले. आता लुआई आणि फिशर-हॅरिसही चालले. तरी मेलबर्नला 14-6 ने हरवलं. त्या दिवशी चौथी माळ होती, सकाळीच घड्याळं तास पुढे गेली होती, सोमवारी कामगार दिनाची सुट्टी. हाफटाइमच्या तोंडावर आमच्या लियम मार्टिनने ट्राय मारला (बॉल रेषेपलीकडे जमिनीला टेकवला) तेव्हा आजीने माझ्या आईला मिठी मारली. आईला एकही नियम कळत नाही. ती भाडोत्री का?

वेंटीकाका:
ती पोस्ट माझीच. आणि एक शब्द मागे घेत नाही.

तुम्ही 2011 ला आलात, मी 1998 ला. तेव्हापासून वेंटवर्थव्हिलला आहे आणि तेव्हापासून पॅरामॅटा टीमचा. आमचं शेवटचं विजेतेपद 1986 चं, म्हणजे मी इथे येण्याआधीचं. मी काय पाहिलं ते ऐका. 2001 ची फायनल मी स्टेडियमवर जाऊन पाहिली. अख्खा हंगाम आम्ही राज्य केलं आणि हाफटाइमला न्यूकॅसल 24-0 पुढे. शेवटी 30-24. ट्रेनमध्ये निळी-पिवळी जर्सी घातलेले मोठमोठे बाप्ये रडत होते, त्यात मीही होतो. 2022 ला तुम्ही आम्हाला 28-12 ने हरवलंत. ठीक आहे, चांगले खेळलात. पण नंतर तुमच्या खेळाडूंनी पॅरामॅटाला ‘आमची पोरं’ म्हणून हिणवलं ते विसरायचं? जिंकण्याचा माज पचवता येत नसेल तर त्यांच्या मागे नाचणाऱ्यांना मी नावं ठेवणारच. हरल्यावरही त्याच टीमचा राहतो तो भक्त. तुम्ही अजून हरलातच कुठे?

नेपियनकाठ:
काका, 2011 ते 2019 काय आम्ही जिंकत होतो? त्या नऊ वर्षांत एक फायनल नाही. तेव्हाही पोरांना घेऊन थंडीत स्टँडवर बसायचो. आणि 2022 चा तो माज मलाही आवडला नव्हता, हे तेव्हाच बोललो होतो.

जांभळी मेलबर्न:
तुम्हा दोघांच्या भांडणात आमचा ट्राय कुठे गेला? दुसऱ्या हाफात जॅक हॉवर्थने बॉल टेकवला. रेफ्रीने मैदानावर ‘ट्राय नाही’ दिला आणि बंकर, म्हणजे व्हिडिओ बघणारे पंच, म्हणतात निर्णय फिरवण्याइतका पुरावा नाही. मी तो क्षण थांबवून थांबवून पाहिलाय. खाली पेनरिथवाल्याचा हात असेल, पण बॉल गवताला लागलाय. लीगमध्ये पहिला नंबर आमचा होता, हंगामभर सर्वांत चांगलं आम्ही खेळलो. चार सलग म्हणे. एकावर तरी खूण करून ठेवा.

वेंटीकाका:
मेलबर्नवाल्यांनी अन्यायाबद्दल बोलू नये. 2009 ची फायनल आम्ही तुमच्याकडून 23-16 हरलो. पुढच्याच वर्षी कळलं की तुम्ही पगारमर्यादा मोडून, दोन वह्या ठेवून टीम बांधली होती. 2007 आणि 2009 दोन्ही काढून घेतली. पण आम्हाला काय मिळालं? काही नाही. कपाटातला तो रकाना अजून रिकामा आहे. माझ्या मुलाने त्या रात्री विचारलं होतं, ‘बाबा, आता पुढच्या वर्षी ना?’ तो आता 24 वर्षांचा आहे.

जांभळी मेलबर्न:
मी 2015 ला आले. 2009 चं पाप माझ्या माथी मारू नका.

सांगलीची पकड:
एवढं तावातावाने भांडताय म्हणून मध्ये पडतो. भावाने ही मॅच इथे सांगलीत दाखवली, सकाळपासून मागे लागला होता. हा तर आमचाच खेळ आहे हो, कबड्डी. चढाईवाला आत घुसतो, दोघं-तिघं साखळी करून अडवतात, एक कंबर धरतो, एक घोटा. फक्त दम धरायची भानगड नाही आणि हातात बॉल. तो पँथर्सचा नेथन क्लीअरी खांदा दुखावलेला असताना उतरला होता म्हणे, पण पकडीला मागे हटला नाही. ‘रेड्यांची टक्कर’ लिहिणाऱ्याने एकदा मॅटवर उभं राहून घोटा पकडून दाखवावा. रेषेकडे तोंड करून पडलेल्या माणसाला तिथेच गाडून ठेवायला किती अक्कल लागते ते कळेल. मार्चमध्ये पुणेरी पलटण हरियाणाला 28-25 हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा मी सांगलीचा असून नाचलो. पुण्याचं आणि आमचं काय सख्य आहे ते जगाला ठाऊक आहे.

वेंटीकाका:
रेड्यांची टक्कर हे रागात लिहिलं. खेळ मला तुमच्याइतकाच प्रिय आहे. तेवढं वाक्य खोडतो. फक्त तेवढंच.

वेस्टमीडची आई:
मी या सगळ्यात पडणार नव्हते. रविवारी आमच्याकडे भोंडला होता. पाटावर हत्ती काढला, बायका फेर धरून उभ्या, आणि खिरापत ओळखायच्या वेळी दरवर्षी दारात घुटमळणारे पुरुष एकही नाहीत. सगळे कुणाच्या तरी टीव्हीपुढे. त्याचंही मला एवढं वाटलं नाही. पण इथे जो तो या खेळाची आरती ओवाळतोय, आणि हा खेळ चालतो कशावर ते कुणी बोलत नाही. पोकीजवर चालतो, म्हणजे टीम चालवणाऱ्या क्लबांतल्या जुगाराच्या मशीनवर.

माझा अनुभव सांगते. क्लबचं नाव घेत नाही. आम्ही नवीन असताना नवरा मॅच बघायला क्लबात जायचा. स्वस्त जेवण, मोठा पडदा, मुलांना खेळायला जागा. मलाही चांगलं वाटायचं, चार माणसांत मिसळतोय. पडद्याच्या मागच्या दारातून आत गेलं की मशीनचा हॉल. घड्याळ नाही, खिडकी नाही. मॅच 80 मिनिटांची, हा घरी यायचा रात्री एकला. आम्हा दहा जणींची भिशी होती, पैसे माझ्याकडे असायचे, स्टीलच्या डब्यात तांदळाखाली. जिचा नंबर होता तिला द्यायला डबा उघडला तर तळाला फक्त रबर बँड. पाच हजार डॉलर होते. मी आईच्या पाटल्या मोडून भिशी पूर्ण केली आणि कुणाला कळू दिलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

नेपियनकाठ:
ताई, वाचून वाईट वाटलं. पण यात खेळाडूंचा काय दोष? आणि क्लबाचा पैसा नुसता खिशात जात नाही. पोरांची मैदानं, ज्युनियर टीमचे कपडे, कोच, सगळं त्यातूनच होतं. टो’ओ, लुआई ही सेंट मेरीज-माउंट ड्रुइटकडची पोरं वर आली ती त्या व्यवस्थेतून. ज्यांच्या आईबापाला बूट घेणं परवडत नाही त्यांना मोफत बूट मिळतात. हे बंद करायचं?

वेस्टमीडची आई:
ते बूट माझ्या पाटल्यांचे आहेत.

वेंटीकाका:
ताईंना माझा पूर्ण पाठिंबा, आणि यात आमची टीमही आली हे आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी सुनावायला नको. न्यू साउथ वेल्सच्या क्लबांत पोकीज कायदेशीर झाल्या 1956 ला. सेंट जॉर्जचं राज्य सुरू झालं तेही 1956 ला. मशीनचा पैसा हाती असलेल्या क्लबाला चांगले खेळाडू टिकवता येत होते, त्या काळी पगारमर्यादा नव्हती. ज्या 11 विजेतेपदांच्या नावाने तुम्ही छाती फुगवताय, त्यांच्याही पायाखाली हेच आहे.

पर्थकर:
आमच्याकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पोकीज फक्त कॅसिनोत. पबात नाहीत, क्लबात नाहीत. तरी इथे पोरं खेळतात, मैदानं हिरवी आहेत, शनिवारी सकाळी सॉसेज भाजून पैसे गोळा होतात. त्यामुळे ‘मशीन बंद केल्या तर पोरांचे बूट जातील’ हे मला पटत नाही.

नेपियनकाठ:
पर्थमध्ये बसून सांगणं सोपं आहे. तुमच्याकडे खाणींचा पैसा आहे. आमच्या भागात तो एक क्लब आहे जिथे म्हातारी माणसं दुपारी एसीत बसू शकतात. मी स्वतः त्या उन्हाळ्यात दोन दिवस पोरांना घेऊन तिथे बसलो.

पर्थकर:
एसी फुकट का ठेवतात, याचा विचार केलात का कधी?

नेपियनकाठ:
मला शिकवू नका. 48.9 मध्ये चार महिन्यांचं पोर घेऊन बसा आणि मग विचार करा.

सांगलीची पकड:
अहो दादा, शांत व्हा. त्यांनी तुमच्या पोरीला काही म्हटलेलं नाही. माझ्या मामाची जमीन जुगारात गेली. तो तर कबड्डीचा खेळाडू होता, गावात नाव होतं. खेळाचा दोष नव्हताच. पण ज्या अड्ड्यावर जमीन गेली त्याच अड्ड्यावाल्याने स्पर्धेची ढाल दिली होती, आणि मामीला ती ढाल घरात ठेवावी लागली. तिने काय सोसलं ते मी पाहिलंय. ताईंचं म्हणणं तेच आहे.

वेस्टमीडची आई:
हो, तेच. मॅच बंद करा असं मी म्हणत नाही. माझ्या नवऱ्याने पुढे स्वतःचं नाव बंदी यादीत घातलं, स्वतःचा फोटो देऊन. नऊ वर्षं झाली. त्याला अजून मॅच आवडते. पण मोठ्या पडद्यावर चार माणसांत बघायची तर सगळे क्लबातच बोलावतात, आणि क्लबाचं दार त्याने स्वतःला बंद केलंय. रविवारी तो भोंडल्याच्या घरातच होता. आतल्या खोलीत एकटा, फोनवर आवाज बारीक करून मॅच बघत. मी खिरापतीचा डबा घेऊन आत गेले तर डोळे पुसत होता. मी विचारलं नाही काय झालं.

नेपियनकाठ:
ताई, मघाशी बुटांचं बोललो ते चुकलंच. व्यवस्था वाईट आहे हे मान्य करायला मला जड जातं, कारण माझ्या पोरांना त्या व्यवस्थेने दोन वर्षं मैदानावर सांभाळलंय. पण तुमच्या डब्यातल्या रबर बँडपुढे माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्या मिस्टरांना सांगा, मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला की आमच्या अंगणात या. प्रोजेक्टर लावतो, भिंतीवर चादर. दारू नाही, मशीन नाही. आजी असेल, ती तोंडाने अशी कॉमेंट्री करते की टीव्हीचा आवाज बंद करावा लागतो.

वेंटीकाका:
पेनरिथला अंगणात बसून पॅरामॅटाची मॅच दाखवाल का?

नेपियनकाठ:
दाखवीन. पण ‘भाडोत्री’ मागे घ्या.

वेंटीकाका:
बर्फाची पिशवी घेऊन आलेल्या आजीसाठी घेतो. तुमच्यासाठी नाही. आणि 2022 चं मी विसरणार नाही.

वेस्टमीडची आई:
त्यांना वाचून दाखवलं. विचारतायत, वेस्टमीडहून ट्रेनने आलं तर स्टेशनपासून चालत किती?